पाडण्याआधीचा हिशेब

लोधी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा जवाहरलाल नेहरू स्टेडियम नव्हतं. ते माझ्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. वडील केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून होते, नोकरीपायी सोलापूर सोडून आलेले. नोव्हेंबर १९८२ मध्ये एशियाड होणार होतं आणि त्याआधीची दोन वर्षं दिल्लीभर खणाखणी चालू होती. शाळेच्या बसमधून रोज एखादा नवा खांब, नवा पूल दिसायचा. अशाच एका उन्हाळ्यात भर दुपारी कामावरच्या दोन बायका पाणी मागायला आमच्या दारात आल्या. एकीच्या कडेवर मूल होतं. आईने माठातलं पाणी दिलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि आपल्या सोलापुरी हिंदीत विचारलं, ‘दिन का कितना मिलता?’ बाई म्हणाली, ‘सात.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘जमादार दे दे तो.’

डिसेंबर उजाडायच्या सुमारास वडिलांना कचेरीतून पास मिळाले. एम. डी. वल्सम्मा ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली त्या दिवशी आम्ही तिघंही त्या स्टेडियममध्ये होतो. सगळे लोक उभे राहिले म्हणून आईही उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. घरी येताना वडील सारखं एकच सांगत होते की आता आपल्या देशाला कोणी कमी लेखणार नाही. पाणी मागायला आलेल्या बायकांची आठवण आमच्यापैकी कोणीच काढली नाही. काढायला हवी होती असंही त्या दिवशी कोणाला वाटलं नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की हे स्टेडियम पाडून तिथल्या १०२ एकर जागेवर ‘स्पोर्ट्स सिटी’ उभारण्याची क्रीडा मंत्रालयाची योजना आहे. अनेक खेळांच्या सोयी एका आवारात, खेळाडूंना राहायला जागा, आणि नमुना म्हणून कतार व ऑस्ट्रेलियातल्या क्रीडासंकुलांचा अभ्यास, असं त्या बातमीत होतं. जेमतेम महिनाभर आधी, २७ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर या दिवसांत, तिथेच पॅरा अ‍ॅथलेटिक्सची जागतिक स्पर्धा झाली होती आणि त्यासाठी नवा मोंडो ट्रॅक घातला होता. त्याआधी पंधरा वर्षांपूर्वी, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी, स्टेडियमचा जवळपास कायापालट झाला होता. वर्तुळाकार पांढरं छत आलं, ६० हजार आसनं आली. त्या कामाचा खर्च वर्तमानपत्रांनी ९६१ कोटी रुपये असा दिला आहे.

मी आता जंगपुऱ्यात राहतो. सकाळी फिरायला निघणारी आमची चार-पाच निवृत्तांची टोळी आहे. बातमी आली त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. एकाचं म्हणणं, हा शुद्ध उधळेपणा आहे. पंधरा वर्षं टिकलेली गोष्ट पाडणारा संसार कसला करणार? दुसरा म्हणाला, इतकी मोठी जागा, आणि तिचा रोज उपयोग होतो कितीसा? साठ हजार आसनं वर्षातून किती वेळा भरली? जुनं कवटाळून बसण्यात काय शहाणपण? तिसऱ्याला मुळात जागाच मान्य नाही. शहराच्या काळजात शंभर एकर खेळासाठी अडवायचे कशाला, न्या ते द्वारकेला, नरेल्याला, नाहीतर यमुनेपार नोएडात. चौथ्याला शंका अशी की शहराच्या मध्यावर शंभर एकर मोकळे झाले की त्यातले खेळाला किती उरतील आणि दुकानांना किती जातील हे आत्ताच कोण सांगणार?

यातलं कोणाचंच म्हणणं टाकाऊ नाही. मी मात्र त्या गप्पांतून घरी आलो तो वेगळाच प्रश्न घेऊन. पाडावं की राखावं, इथे की तिथे, हे ठरवताना आपण ज्या गोष्टी वजनात धरतो त्यांत एक गोष्ट हिशेबात कधीच येत नाही. ती कोणती, आणि ती यायला हवी का, एवढंच मला इथे पाहायचं आहे.

*

आधी विरुद्ध बाजू पुऱ्या ताकदीने मांडू. अर्थशास्त्र शिकवणारे पहिल्याच वर्षी सांगतात की बुडीत खर्चाकडे बघून पुढचा निर्णय घेऊ नये. ९६१ कोटी खर्च झाले. ते स्टेडियम राखून परत येणार नाहीत आणि पाडून अधिक जाणारही नाहीत. निर्णय घ्यायचा तो उद्यापासूनच्या नफ्यातोट्यावर. नाटक कंटाळवाणं निघालं तर तिकिटाचे पैसे वसूल करायला शेवटपर्यंत बसून राहणारा माणूस पैसे घालवतो ते घालवतोच, वर संध्याकाळही घालवतो. आपल्याकडे हीच शिकवण एका ओळीत आहे: झालं गेलं गंगेला मिळालं.

पैशापुरतं मला हे पटतं. पंधरा वर्षांपूर्वी इतके कोटी घातले म्हणून आता पाडायचं नाही, या युक्तिवादात रागाचा भाग मोठा आहे आणि विचाराचा लहान. चुकीच्या जागी, चुकीच्या मापाचं बांधलं असेल तर ते तसंच चालू ठेवणं ही दुसरी चूक होईल.

पण ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे कोणी म्हणायचं? मी शेजाऱ्याकडून घरातल्या लग्नासाठी पैसे उसने घेतले आणि लग्न मोडलं, पैसेही गेले. शेजारी उदार असेल तर तो मला म्हणू शकतो की जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं. मी त्याला तसं म्हणू शकत नाही. ज्याचं गेलं त्यानेच उच्चारायचं ते वाक्य आहे. घेणाऱ्याच्या तोंडी ते आलं की त्याचा अर्थ पालटतो, मग ती नुसती बुडवेगिरी होते. बुडीत खर्चाचा नियम खर्च करणारा आणि निर्णय घेणारा एकच आहे असं धरून चालतो. नाटकाचं तिकीट मी काढलेलं असतं आणि उठून जाणाराही मीच असतो. स्टेडियमच्या बाबतीत तसं आहे का?

*

१९८२ च्या एशियाडच्या बांधकामांवर मजुरांची काय स्थिती होती याचा पक्का दस्तऐवज आपल्याकडे आहे. तीन समाजशास्त्रज्ञांनी कामाच्या जागांवर फिरून अहवाल तयार केला. त्याच्या आधारे ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी, स्पर्धेच्या दोन महिने आधी, निकाल दिला.

त्या निकालात आकडे आहेत. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. मजूर आणणारे जमादार, म्हणजे आपल्याकडचे मुकादम, त्यातला माणशी एक रुपया आपली दलाली म्हणून कापून घेत, असं नोंदलेलं आहे. आणि बायकांना रोज ७ रुपयेच दिले जात असल्याची तक्रार आहे. वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या भाच्याच्या पुस्तकात मी हा निकाल प्रथम वाचला तेव्हा त्या ‘सात’वर थांबलो. आमच्या दारात उभ्या असलेल्या त्या बाईने सांगितलेला आकडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात होता.

निकालाचं मोठेपण पुढे आहे. घटनेचं २३ वं कलम वेठबिगारीला मनाई करतं. सरकारी बाजूला एक सोपी वाट होती: या मजुरांना कोणी बांधून आणलं नव्हतं, ते आपल्या पायांनी आले, मग बळजबरी कुठे आहे? न्यायालयाने म्हटलं की भूक आणि गरिबी याही बळजबरीच आहेत. किमान मजुरीहून कमी पैशांत कोणी राबत असेल तर तो दुसरा मार्ग नाही म्हणूनच राबतो आणि म्हणून ते श्रम घटनेच्या अर्थाने वेठबिगारच होत. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वेठ म्हणजे काय ते आपल्या गावगाड्याला नीट माहीत होतं. ज्या वर्षी दिल्लीने जगाला आपला नवा चेहरा दाखवला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्या चेहऱ्याखाली वेठ आहे.

दुसऱ्या खेपेला, २०१० मध्ये, भरणा वेगळ्या रीतीने झाला. त्या वर्षी एप्रिलमध्ये जंगपुऱ्याजवळ बारापुल्ला नाल्याकाठी असलेली तमिळ दलित कुटुंबांची वस्ती पाडली गेली. स्टेडियमसाठी गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. आमच्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या अम्मा त्याच वस्तीतल्या. आदल्या दिवशी त्या पगाराची उचल मागायला आल्या होत्या आणि नंतर आल्या नाहीत. महिन्याभराने बायकोने दुसरी बाई ठेवली. माझ्या हातून एवढंच झालं, म्हणजे काहीच झालं नाही. पुढे सप्टेंबरमध्ये, स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना, स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळला आणि वीसहून अधिक मजूर जखमी झाले. बातम्यांमध्ये चर्चा होती ती देशाची लाज गेली याची.

तर मग खर्च कोणी केला? करदात्यांनी केलाच, त्याचा आकडा कोटींत आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. पण ज्या बाईच्या रोजातून सव्वादोन रुपये कापले गेले तिनेही या स्टेडियममध्ये पैसे घातले आहेत. अम्मांनी घर घातलं आहे. हा वाटा त्यांनी स्वखुशीने दिलेला नाही. तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला आणि काढून घेताना एक वचन दिलं गेलं: हे सार्वजनिक काम आहे, देशाचं काम आहे, सगळ्यांच्या मुलांसाठी आहे. हे वचन हाच त्या घेण्याचा एकमेव आधार होता. तेव्हा उरतं ते ऋण आहे. त्याला बुडीत खर्च म्हणता येत नाही, आणि ऋणको एकटा बसून ते माफ करून टाकू शकत नाही.

*

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. हा युक्तिवाद खरा मानला तर दिल्लीत काहीही पाडता येणार नाही. शाहजहानाबाद कोणाच्या घामावर उभं आहे? रायसिना टेकडीवरचे दगड कोणी वाहिले? ज्या इमारतीत वेठ नाही अशी जुनी इमारत या शहरात सापडणं कठीण. शिवाय दुःख घालून बांधलेलं म्हणून प्रत्येक काँक्रीट पवित्र ठरवलं तर उद्याच्या माणसांनी राहायचं कुठे?

या शहराने स्टेडियमला पवित्र कधी मानलंही नाही. इंडिया गेटच्या मागे मेजर ध्यानचंद नॅशनल स्टेडियम आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ मध्ये ते ‘आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर’ म्हणून उभं राहिलं. १९५१ मध्ये पहिले आशियाई खेळ तिथे झाले आणि २०१० आधी त्याचंही रूप पालटलं गेलं. नकाशा काढून बघा: रायसिनावरून निघालेली सरळ रेषा इंडिया गेटमधून जाऊन पुराण्या किल्ल्याला भिडायची, तिच्या ऐन वाटेत हे स्टेडियम बसलं आहे. म्हणजे स्टेडियम कुठे बांधावं याचा वाद नव्या दिल्लीइतकाच जुना आहे, आणि एकाची शोभा दुसऱ्याची अडचण असते हेही तेव्हापासूनच.

तेव्हा ऋण आहे हे मान्य. पण ते कशाचं? मला वाटतं, ते इमारतीचं नाही. त्या बाईला कोणी सांगितलं नव्हतं की हा खांब शंभर वर्षं राहील. सांगितलं होतं ते एवढंच, की हे सगळ्यांसाठी आहे. इमारत हे वचन पाळण्याचं साधन होतं. साधन बदलता येतं. वचन मात्र बदलता येत नाही.

आणि हे फेडायचं कोणाला? १९८२ च्या मजुरांतले किती जण आज हयात असतील, कुठल्या गावी असतील, कोण शोधणार? आपल्या परंपरेने अशा न फेडता येणाऱ्या कर्जाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. पितृऋण आईबापांना परत करून फिटत नाही, ते मुलं वाढवून फिटतं. ऋषिऋण गुरूला परत देता येत नाही, ते पुढच्याला शिकवून फेडायचं. घेतलं त्याला देता येत नसेल तर पुढच्याला द्यायचं, असा तो हिशेब आहे. फक्त एक पथ्य पाळावं लागेल. ऋणकोने सोयीसाठी या वाटेचा आसरा घेऊ नये. ज्याचं घेतलं तो जिवंत आहे आणि त्याचा पत्ता शोधता येतो, तिथे आधी त्याचं त्यालाच द्यायचं. २०१० मध्ये उठवलेली माणसं इतिहासजमा झालेली नाहीत. त्यांतली अनेक याच शहरात आहेत.

हे पथ्य किती मोलाचं आहे ते तोक्योत दिसलं. १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी तिथल्या राष्ट्रीय स्टेडियमच्या परिसरातली घरं हलवली गेली. त्यांतल्या काही जणांना पुढे जवळच्याच सार्वजनिक वसाहतीत जागा मिळाली. मग २०२० च्या ऑलिम्पिकसाठी जुनं स्टेडियम पाडून नवं बांधायचं ठरलं आणि ती वसाहतही पाडली गेली. एकाच माणसाला एकाच स्टेडियमसाठी आयुष्यात दोनदा घर सोडावं लागलं. दोन्ही वेळा कारण तेच होतं: देशाचं काम.

*

ऋण वापरातून फिटतं असं धरलं तर स्टेडियमचा हिशेब छताखाली बसून होणार नाही, तो फाटकाशी उभं राहून करावा लागेल. आत कोण जातं, कोण अडवलं जातं, कोणासाठी कोणाला बाहेर काढलं जातं?

मे २०२२ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममधून बातमी आली होती: एका बड्या सनदी अधिकाऱ्याला संध्याकाळी तिथे कुत्रा फिरवता यावा म्हणून खेळाडूंना सराव लवकर आटोपायला सांगितलं जात होतं. बातमी छापून आल्यावर अधिकाऱ्याची बदली झाली आणि शहरातली सरकारी क्रीडासंकुलं रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा हुकूम निघाला. लोक कुत्र्यावर हसले. मला त्यात ९ रुपये २५ पैशांतून कापलेला रुपया दिसला. मुकादम फक्त बदलला होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नेहरू स्टेडियमवर एका लोकप्रिय पंजाबी गायकाची दोन दिवस मैफल झाली. नंतर ट्रॅकवर बाटल्या, कचरा आणि मोडलेलं सरावाचं साहित्य पडलेलं एका धावपटूने चित्रित करून लोकांपुढे ठेवलं. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये शेतकरी दिल्लीच्या सीमेवर आले तेव्हा पोलिसांनी नऊ स्टेडियम तात्पुरते तुरुंग म्हणून मागितले होते. दिल्ली सरकारने नकार दिला. पण मागावेसे वाटले हे विसरू नये. उंच भिंती, मोजकी दारं, वरून सगळ्यांवर नजर: खेळ दिसावा म्हणून केलेली रचना माणसं कोंडायलाही तितकीच सोयीची असते. फरक फक्त फाटक कोणाच्या हातात आहे याचा.

हे लिहिताना मला स्वतःलाही सोडता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत झालं ते तालकटोरा स्टेडियममध्ये. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली इथे भरलं होतं, त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी. १७३७ मध्ये बाजीरावाची फौज ज्या परिसरात आली होती तिथे पुन्हा मराठी ऐकू येत होती आणि माझा ऊर भरून आला होता. तीन दिवस मी तिथे जाऊन बसलो, पुस्तकं घेतली, परिसंवाद ऐकले. रोज तिथे घाम गाळणारी मुलं त्या तीन दिवसांत कुठे गेली हा प्रश्न मला आत्ता, हा लेख लिहायला बसल्यावर पडला. स्टेडियममध्ये गाणी नकोत, संमेलन नको असं माझं म्हणणं नाही. शहराला एकत्र जमायला छत लागतं आणि तोही सार्वजनिक उपयोगच आहे. पण पाहुण्याने आपण पाहुणे आहोत एवढं तरी ओळखावं. मी ओळखलं नव्हतं.

मुंबईची एक गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे. ब्रेबोर्न स्टेडियम असताना त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर वानखेडे का उभं राहिलं? ब्रेबोर्न क्लबचं, सामने भरवणारी संघटना शहराची. कोणाच्या वाट्याला किती आसनं यावरून दोघांत वर्षानुवर्षं ताणाताणी. शेवटी शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने स्वतःचं स्टेडियम वर्ष-सव्वा वर्षात बांधून काढलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे झाली. वाद जागेचा नव्हताच, वाद वाट्याचा होता. स्टेडियमबद्दलची भांडणं ‘कुठे’ या शब्दाने सुरू होतात आणि बहुतेक वेळा आतून ती ‘कोणाचं’ अशीच असतात. आणि गंमत अशी की त्या दोन्ही स्टेडियममधून देशासाठी खेळलेली कितीतरी पोरं आधी घडली ती आझाद मैदानावर, शिवाजी पार्कवर, जिथे आत जायला पास लागत नाही.

‘शहराबाहेर न्या’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रालाही उत्तर इथूनच निघतं. नागपूरने २००८ मध्ये आपलं कसोटी क्रिकेट सिव्हिल लाइन्समधून उचलून वर्धा रस्त्यावर जामठ्याला नेलं. स्टेडियम ऐसपैस झालं; पण सायकलवरून सामना बघायला जाणारा माणूस गळाला. नेहरू स्टेडियमच्या दारात ३ ऑक्टोबर २०१० पासून मेट्रोचं स्थानक आहे. बदरपूरच्या मुलीला तिथे पोचायला वडिलांची गाडी लागत नाही. जागा निवडताना जमिनीचा भाव बघतात तसा या मुलीच्या प्रवासाचा खर्चही बघायला हवा. तो कोणाच्याच जमाखर्चात नसतो म्हणून तो शून्य ठरत नाही.

*

मग मी पाडण्याच्या बाजूचा की विरुद्ध? फिरायला जाताना मित्र हेच विचारतात, आणि उत्तर ऐकून वैतागतात. स्टेडियम पाडण्यावर माझी मुळातून हरकत नाही. १०२ एकरांत खरोखरच दहा खेळांची मैदानं आली, गावाकडून आलेल्या मुलांना राहायला खोली मिळाली, तर जुन्यापेक्षा नव्याने ऋण अधिक फिटेल. पण ऋणकोला काही गोष्टी उघड कराव्या लागतात. शंभर एकरांतला किती भाग रोज सकाळी सामान्य मुलांसाठी खुला राहील हे पाडण्याआधी लिहून द्यावं लागेल, उद्घाटनाच्या भाषणात सांगून भागणार नाही. यावेळच्या मजुरांचा रोज कोणाच्या हातून आणि पुरा मिळतो का हे बघायला बाहेरची माणसं नेमावी लागतील, कारण मागचा अनुभव न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेला आहे. आसपासचं एकही घर हलवण्याआधी पंधरा वर्षांपूर्वी हलवलेल्यांचं काय झालं ते सांगावं लागेल. आणि पाडणं ते उघडणं यांमध्ये जी वर्षं जातील त्या वर्षांत आजच्या मुलांनी पळायचं कुठे, हे सांगावं लागेल.

यातला शेवटचा मुद्दा लोकांना किरकोळ वाटतो. इमारतीच्या आयुष्यात चार वर्षं काहीच नाहीत. सरकारच्या आयुष्यात तो एक कार्यकाळही नाही. पण धावणाऱ्या मुलीची चौदा ते अठरा ही चार वर्षं गेली की तिचं सगळंच गेलं. पुढच्या पिढीला सुंदर स्टेडियम मिळेल हे तिला सांगून उपयोग नाही, ती पुढची पिढी नाही. ‘देशासाठी थोडं सोसा’ हे वाक्य पुन्हा एकदा तिलाच ऐकवलं जातं जिच्याकडे सोसण्यासाठी हीच चार वर्षं आहेत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं टेबल आहे. त्याची मुलगी सोळा वर्षांची आहे, ८०० मीटर पळते. महिन्याचा पास काढून ती नेहरू स्टेडियमच्या ट्रॅकवर जाते. बापाने कोळशाच्या इस्त्रीवर किती कपडे फिरवले की एका पासाचे पैसे होतात ते तिला तोंडपाठ आहे. बातमी आल्यावर तिने मला गाठलं. मी रोज वर्तमानपत्र वाचतो, सरकारी नोकरीत होतो, म्हणून मला माहीत असेल असं तिला वाटलं. तिने पाडायला विरोध केला नाही, का पाडताहेत तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, ‘अंकल, कब तोड़ेंगे? डेट पता है?’

तारखेवर तिचं बरंच अवलंबून आहे. लवकर पाडणार असतील तर तिला आत्ताच दुसरं मैदान शोधायचं आहे, तिथला पास किती, बस कोणती, पहाटे अंधारात एकटीने जाता येईल का, हे बघायचं आहे. वर्षभर अवकाश असेल तर एक मोसम इथेच काढता येईल. मी तिला म्हटलं, चौकशी करतो. केली. मला कोणाकडूनच तारीख मिळाली नाही. रोज संध्याकाळी कपडे आणायला जातो तेव्हा ती माझ्याकडे बघते आणि मी मान हलवतो.